रुग्णाजवळचे औषधालय शोधताना : संगणकीय यादीत अंतराची मांडणी

योग्य औषध लिहून देण्याइतकेच ते रुग्णाच्या हाती वेळेवर पडणेही महत्त्वाचे आहे. यासाठी आम्ही परिचित औषधविक्रेत्यांची यादी संगणकावर ठेवतो. पूर्वी रुग्णाच्या पिनकोडाशी जुळणारे किंवा लगतच्या क्रमांकाचे दुकान आम्ही सुचवीत असू. गुडघेदुखीने जर्जर झालेल्या एका वृद्धास महारास्नादि काढ्यासाठी असेच एका दुकानी धाडले. ते बावीस किलोमीटर दूर निघाले. घरापासून चार किलोमीटरवरचे दुकान मात्र निराळ्या पिनकोडात असल्याने आम्हांस दिसलेच नाही. दोष पिनकोडाचा नव्हता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा अंकी पद्धती टपालाच्या वाटपासाठी आहे, अंतर मोजण्यासाठी नव्हे.

अंतर हवे असेल तर प्रत्येक दुकानाच्या नोंदीत अक्षांश व रेखांश असे दोन स्वतंत्र रकाने असावेत. त्यांत मजकूर नव्हे, तर दशांश संख्या ठेवाव्यात. चार दशांश स्थळे पुरेशी होतात. चौथ्या स्थळातील एकाचा फरक म्हणजे सुमारे ११ मीटर. रकान्यांची अदलाबदल कटाक्षाने टाळावी. पुणे १८.५२ अक्षांश, ७३.८६ रेखांशावर आहे. हेच आकडे उलट भरल्यास पुण्याचे दुकान नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात जाऊन पडते!

शोध दोन टप्प्यांत घ्यावा. पहिला टप्पा चौकटीचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश उत्तरेकडे आकुंचित होत जातो. १११ ला त्या स्थळाच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे. पुण्याजवळ हे मान सुमारे १०५ किलोमीटर येते. म्हणून १० किलोमीटरच्या शोधासाठी अक्षांशात ०.०९० व रेखांशात ०.०९५ इतके दोन्ही बाजूंस अंतर धरावे. दोन्ही रकान्यांवर इंडेक्स असल्यास चौकटीबाहेरच्या बहुतेक नोंदी चटकन वगळल्या जातात.

परंतु चौकट म्हणजे वर्तुळ नव्हे. तिचे कोपरे मध्यापासून सुमारे १४ किलोमीटरवर असतात. म्हणून दुसऱ्या टप्प्यात उरलेल्या नोंदींचेच नेमके अंतर काढावे. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करावा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन व रेखांशांतील फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवावा. या बेरजेचा व्यस्त कोसाइन घेऊन त्यास पृथ्वीच्या ६३७१ किलोमीटर त्रिज्येने गुणावे. संगणक कोन रेडियनमध्ये मोजतो, तेव्हा अंशांचे रूपांतर आधी करावे.

येथे एक सूक्ष्म धोका आहे. रुग्ण व दुकान एकाच स्थळी असल्यास ही बेरीज १ यावयास हवी. आकडेमोडीतील सूक्ष्म फरकाने ती कधी १ च्या किंचित वर जाते. मायएसक्यूएल अशा वेळी उत्तर रिकामे ठेवते व ती नोंद यादीतून गळते. म्हणजे सर्वांत जवळचे दुकानच नाहीसे होते! यासाठी बेरीज १ पेक्षा मोठी होऊ न देण्याची अट घालावी.

मायएसक्यूएलच्या ५.७ या आवृत्तीपासून (२०१५) गोलावरील अंतर देणारे तयार फंक्शन उपलब्ध आहे. त्याचे उत्तर मीटरमध्ये येते. १० किलोमीटरसाठी १०,००० लिहावे. बिंदू देताना अक्षांश आधी की रेखांश, हे त्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे.

शेवटी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. हे अंतर सरळ रेषेचे असते. मुंबईच्या गेटवेपासून मांडवा सरळ रेषेत सुमारे १४ किलोमीटर आहे. खाडीला वळसा घालून रस्त्याने जाणाऱ्यास त्याच्या कित्येक पट अंतर तोडावे लागते. घाट आणि नद्यांच्या प्रदेशातही हाच अनुभव येतो. म्हणून आम्ही संगणकाने दिलेली पहिली तीन नावे रुग्णासमोर ठेवतो आणि कोणत्या गावची वाट त्यास सोयीची आहे, ते विचारतो. मग दुकानात औषध शिल्लक असल्याची दूरध्वनीवरून खात्री करूनच चिठ्ठी हाती देतो.

औषधविक्रेत्या बंधूंनीही दुकानाचे स्थलांतर झाल्यास नवा पत्ता आपल्या वैद्यांना तत्परतेने कळवावा. यादी जितकी अचूक, तितकी रुग्णाची पायपीट कमी.