तळाखाली पंखा नसलेली बोट

तटरक्षक दलाची इंटरसेप्टर बोट रत्नागिरीच्या बंदरात जवळून पाहिली. पांढऱ्या अंगावर निळा तिरपा पट्टा, पुढे मशीनगन आणि लांबी जेमतेम 28 मीटर. लार्सन अँड टुब्रोने बांधलेली ही बोट 45 नॉटने, म्हणजे ताशी 80 किलोमीटरहून अधिक वेगाने धावते.

या वेगाचं मर्म मागच्या बाजूला आहे. मच्छीमार ज्याला पंखा म्हणतात, तो इथे तळाखाली नाहीच. तळाच्या तोंडातून पाणी आत ओढलं जातं, आतलं चक्र त्याला दाब देतं आणि मागच्या नळीतून झोत बाहेर पडतो. नळी वळवली की बोट वळते. झोतासमोर झडप पाडली की पाणी उलट पुढे फेकलं जातं आणि धावती बोट थोडक्या अंतरात थांबते. खाडीच्या तोंडाशी पाणी उथळ, त्यात जाळी आणि दोर पसरलेले. बाहेर लोंबणाऱ्या पंख्यात दोर अडकला तर गस्त तिथेच संपते. हा धोका इथे बराच टळतो. शरीर अॅल्युमिनियमचं, म्हणून हलकं. नाळ धारदार, म्हणून लाट फोडत जाणारी. तरी वेगात प्रत्येक लाटेचा दणका गुडघ्यांपासून मणक्यापर्यंत पोचतो. खलाशी गुडघे किंचित वाकवून उभे राहतात ते त्यासाठीच.

लांबच्या गस्तीचं काम वेगळं. त्यासाठी गोवा शिपयार्डने वास्कोत बांधलेली 105 मीटरची 'समर्थ' वर्गातली जहाजं आहेत. ती वेगाने कमी, पण हेलिकॉप्टर घेऊन कितीतरी दिवस समुद्रात राहतात. 1999 मध्ये चाच्यांनी पळवलेल्या 'अलोंड्रा रेनबो'चा पाठलाग तटरक्षक दलाच्या 'ताराबाई'ने केला आणि नौदलाच्या 'प्रहार'च्या साथीने ते जहाज पकडलं गेलं. 2008 मध्ये मात्र दहशतवादी 'कुबेर' या साध्या मासेमारी नौकेतून मुंबईजवळ आले. तेव्हापासून किनाऱ्यालगतच्या चपळ बोटींचं महत्त्व सगळ्यांना पटलं. समुद्रात नौका अडवून कागदपत्रं तपासली जातात, तेव्हा मच्छीमाराचा वेळ जातो हे खरं. पण ती तपासणी त्याच्याही सुरक्षेसाठी आहे.

हीच इंटरसेप्टर बोट बुडत्यालाही वाचवायला धावते. पण हाक आली तरच ती निघणार. म्हणून दर्यावर जाणाऱ्या प्रत्येक तांडेलाला विनंती आहे: लाइफ जॅकेट फळीखाली ठेवू नका, वायरलेस सोळा नंबरच्या चॅनेलवर चालू ठेवा आणि तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर घरच्यांनाही पाठ करून द्या.