पळींज दिसल्यावर पंप शोधू नका

डोंबिवलीभोवती इमारती वाढल्या, तरी उरल्या खाचरांत भात लागतो आणि त्यामागोमाग खोडकिडाही येतो. पळींज, म्हणजे दाण्याविना पांढरी पडलेली लोंबी, दिसल्यावर फवारणी म्हणजे पैशाची नासाडी. ती लोंबी आता भरणार नाही. अळीने खोडातला गाभा आधीच खाल्लेला असतो. खरी वेळ लावणीची. मादी पानाच्या शेंड्याजवळ अंडी घालून ती पिवळसर केसांनी झाकते. असे शेंडे खुडून नष्ट करावेत, मगच रोपे लावावीत. (कडा करपा असेल, तर मात्र शेंडे खुडू नयेत.) हे पुंजके हेरण्यात बायकांची नजर माझ्या पदवीपेक्षा तीक्ष्ण! कापणी वैभव विळ्याने अगदी जमिनीलगत करावी आणि लगेच नांगरून धसकटे वेचावीत. अळी त्यांतच पुढच्या हंगामापर्यंत दडून बसते.