गाडीतली वीज (भाग ६) : टॉर्चचा चार्जर आणि पहिली वीतभर वायर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांत बऱ्याच ठिकाणी वीज गेली. ती रात्र गाडीत काढलेल्यांना टॉर्च जवळ का ठेवायचा हे सांगावं लागत नाही. पण कप्प्यात पडलेला टॉर्च नेमका हवा तेव्हा उतरलेला असतो. तेव्हा त्याचा चार्जर गाडीतच कायमचा जोडून टाकावा, असं वाटणारच.

काम तसं किरकोळ. असा चार्जर १० वॉटच्या आसपास घेतो. १२ व्होल्टवर एक अँपिअरसुद्धा भरत नाही. भीती चार्जरची नाही, बॅटरीची. प्लसची वायर सोलवटून बॉडीला टेकली, की हीच बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. घरात एमसीबी पडतो. बॉनेटखाली, तुम्ही फ्यूज लावला नसेल तर, पडायला काहीच नसतं. वायरच तापते आणि आवरण पेटतं.

फ्यूज चार्जर वाचवायला असतो, असा सर्रास समज आहे आणि म्हणून तो चार्जरशेजारी लावला जातो. चूक. तो वायर वाचवायला असतो, त्यामुळे त्याची जागा बॅटरीच्या प्लसजवळ, वीतभर अंतराच्या आत. त्या वितेला मात्र कोणी वाली नाही. ती घट्ट बांधा आणि कुठे घासणार नाही असं पाहा. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर आणि ३ अँपिअरचा फ्यूज एवढं पुरतं. फ्यूज उडाला म्हणून १५ चा घालणं म्हणजे फ्यूज नसल्यातच जमा.

वांद्रे-शीवच्या पलीकडे, पार मुलुंड-दहिसरपर्यंत धावणाऱ्या रिक्षांत मोबाइल चार्जर असतातच. त्यातला एखादा थेट बॅटरीवरून, वळसे देऊन टेप गुंडाळलेल्या जोडांवर चाललेला दिसतो. रिक्षा सीएनजीवर, तिथे ठिणगीशी खेळ नको. शिवाय पावसाळ्यात टेपचा चिकटा सुटतो. थिंबल दाबून लावा, वर हीटश्रिंक चढवा.

सर्वांत सोपं म्हणजे लायटरच्या सॉकेटमध्ये चार्जर खोचणं. पण त्या सॉकेटच्या मागून बारीक वायर काढू नका. तिथला फ्यूज १० ते २० अँपिअरचा, कंपनीच्या जाड वायरसाठी. तुमची वायर जळेल, तो शाबूत राहील. फ्यूज बॉक्समधून लाइन घ्यायची तर फ्यूज टॅप वापरा, आणि एअरबॅग व एबीएसच्या खणांना हात लावू नका. कंपनीची वायर कापली तर वॉरंटीवरून वाद होतो, ते वेगळंच. हो, घरातला निऑन टेस्टर १२ व्होल्टवर पेटत नाही. तो पेटला नाही म्हणून वायर मेलेली आहे असं समजाल, तर फसाल. मल्टिमीटर घ्या.

बॉनेटमधून आत वायर आणताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रॉमेट हवाच. इंजिनाच्या थरथरीने पत्रा वायर कापतो.

लाइन चावी फिरवल्यावर चालू होणारी निवडा. कायम चालू लाइनवर चार्जर नुसता बसून २० मिलिअँपिअर खात राहिला, तरी महिनाभर उभ्या गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले चौदा-पंधरा जातात. दुसरं कारण उन्हाचं. लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात बोरिवलीला उघड्यावर बंद ठेवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो आकडा सहज ओलांडला जातो. चार्जर सीटखाली सावलीत बसवा.