बोर्दोची तांबडी वाइन : अनेक वाणांचा मेळ

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, अटलांटिक महासागरापासून जवळच असलेल्या बोर्दो प्रांतातील तांबडी वाइन सहसा एकाच वाणाच्या द्राक्षांची नसते; कॅबरने सॉव्हिन्यों आणि मर्लो हे दोन प्रमुख वाण, त्यांच्या जोडीला कॅबरने फ्राँ आणि क्वचित थोडे पेती व्हेर्दो किंवा माल्बेक, यांचा रस बहुधा वेगवेगळा आंबवून, तोडणीनंतरच्या हिवाळ्यात चाखून पाहून, त्यांचे प्रमाण ठरवले जाते. या मेळाकडे भेसळ म्हणून पाहणे सर्वस्वी चुकीचे आहे, कारण त्याचे मूळ शेतीच्या शहाणपणात आहे.

मर्लोला पालवी लवकर फुटते आणि तो पिकतोही लवकर, त्यामुळे वसंतातील कडाक्याची थंडी त्याचे कोंब जाळू शकते. उलट कॅबरने सॉव्हिन्यों उशिरा पिकतो आणि शरद ऋतूतील पावसात सापडण्याचा धोका पत्करतो. दोन्ही वाण लावले की एकाच वर्षी सगळेच हातचे जाण्याची भीती कमी होते, आणि ज्वारीत तुरीच्या ओळी पेरणाऱ्या शेतकऱ्याला यामागचा विचार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. बोर्दोत तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होते, तर नाशिक परिसरात, जिथे आता कॅबरने सॉव्हिन्योंच्याही बागा आहेत, ती साधारण जानेवारी ते मार्च या काळात चालते.

वाणांची वाटणी जमिनीनेही ठरवली आहे. गारोन आणि दॉर्दोन्य या नद्या एकत्र येऊन जिरोंद ही विस्तीर्ण खाडी तयार होते. तिच्या डाव्या तीरावरील मेदोक भागात गोट्यागोट्यांची, पाण्याचा निचरा करणारी आणि ऊब धरून ठेवणारी जमीन असल्याने उशिरा पिकणारा कॅबरने सॉव्हिन्यों तिथे साधतो, तर उजव्या बाजूच्या सेंत-एमिलियों आणि पोमरोल येथील चिकण व चुनखडीच्या थंड मातीत मर्लोचे राज्य आहे. मेदोकमधील दलदलीचा निचरा सतराव्या शतकात डच तंत्रज्ञांच्या साहाय्याने झाला नसता, तर आज जगभर नावाजलेल्या तिथल्या अनेक बागा उभ्याच राहिल्या नसत्या.

कॅबरने सॉव्हिन्योंची साल जाड असते आणि तिच्यात टॅनिन, म्हणजे कोऱ्या चहात किंवा जांभळात जाणवणारे तुरट द्रव्य, भरपूर असते. या तुरटपणाला मर्लो मऊपणा आणि गर देतो, तर कॅबरने फ्राँ सुगंधाची भर घालतो. पुढे 225 लिटरच्या ओकच्या लाकडी पिंपात मुरताना ही तुरट धार हळूहळू बोथट होते. कॅबरने सॉव्हिन्यों हा कॅबरने फ्राँ आणि सॉव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाणाच्या नैसर्गिक संकरातून जन्मला, हे 1990च्या दशकात कॅलिफोर्नियातील संशोधकांनी डीएनए तपासून सिद्ध केले. एका पांढऱ्या द्राक्षाने इतक्या गडद वाइनला जन्म द्यावा, ही वनस्पतिशास्त्रातील खरोखर विलक्षण गोष्ट आहे.

या वाइनचा लौकिक इंग्लंडने वाढवला. 1152 मध्ये, बोर्दो ज्यात येत होते त्या अॅक्विटेनची एलेनॉर हिचा विवाह पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी झाला आणि 1453 पर्यंत, म्हणजे तीनशे वर्षे, हा मुलूख इंग्रजी राजसत्तेशी जोडलेला राहिला. इंग्रजांनी रूढ केलेले ‘क्लॅरेट’ हे नाव त्या व्यापारातून आले. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी केलेली मेदोकच्या वाइनची प्रतवारी, 1973 मधील मुतों-रॉथशिल्ड या मेदोकमधील बागेच्या बढतीसारखे मोजके बदल वगळता, आजही चालू आहे.

मेदोकमधील पोइयाकच्या कोवळ्या कोकराचे मांस किंवा निखाऱ्यांवर भाजलेला गोमांसाचा तुकडा हे या वाइनचे स्थानिक सोबती होत, कारण मांसातील प्रथिने आणि चरबी टॅनिनला अडवतात व जिभेवरचा कोरडेपणा कमी करतात. मिरचीचा जाळ मात्र मद्यार्क आणि तुरटपणा दोन्ही अधिक बोचरे करतो, म्हणून कोल्हापुरी तांबड्या रश्श्याशेजारी ही वाइन ठेवू नये. कमी तिखटाचे, भाजलेले मटण तिला अधिक मानवते.