इंदूरची मोटार आणि खानदेशचा घाट

खानदेश हा हमरस्त्यांचा प्रांत आहे. जळगांवाकडून सुरतेकडे जाणारा रस्ता आणि मुंबईहून आग्र्यास जाणारा रस्ता हे धुळ्यास एकमेकांस छेदतात. आणि तेथून उत्तरेस शिरपूर, पळासनेर, बिजासन घाट, सेंधवा असे टप्पे घेत आग्रा रस्ता इंदुरास पोंचतो. होळकरांचें व खानदेशाचें नातें तर फारच जुनें. त्या घराण्याचे मूळ पुरुष मल्हारराव यांचें बालपण तळोद्यास मामाच्या घरीं गेलें. त्याच घराण्यांतील महाराज यशवंतराव दुसरे यांनीं १९३० नंतरच्या दशकांत एक अमेरिकन मोटार घेतली. तिचें नांव ड्यूसेनबर्ग एस्. जे. तिची हकीकत केवळ राजवैभवाची असती, तर आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता.

फ्रेड व ऑगस्ट हे ड्यूसेनबर्ग बंधु जन्मानें जर्मन. परंतु बाळपणींच अमेरिकेंत आले. त्यांचा लौकिक झाला तो शर्यतींच्या मैदानावर. इंडियानापोलिस येथील ५०० मैलांची प्रख्यात शर्यत त्यांच्या गाड्यांनीं १९२४, १९२५ व १९२७ अशी तीन वेळां जिंकली. एस्. जे. मोटारीचें इंजिन आठ सिलिंडरांचें असून, हवा दाबून आंत भरणाऱ्या सुपरचार्जरमुळें त्याची शक्ति ३२० अश्वांची झाली, असें कारखाना सांगे. १९३५ सालीं याच जातीच्या, मुद्दाम सिद्ध केलेल्या एका गाडीनें बॉनव्हिलच्या मिठागरावर चोवीस तास ताशीं सरासरी १३५ मैलांहून अधिक वेग राखला. पुढें ‘मसल कार’ म्हणून जी जात अमेरिकेंत गाजली, तिची ही वडीलधारीच म्हणावी. अशा गाड्या सुमारें ३६च निघाल्या. महाराजांच्या गाडीचें इंजिन अमेरिकन, बॉडी मात्र लंडनच्या गर्नी नटिंग यांनीं बांधलेली. रंग नारिंगी व काळा. १९३७ त कारखाना बुडाला, १९४८ त संस्थान विलीन झालें, आणि मोटारही कालांतरानें अमेरिकेंत गेली.

मग उरलें काय? आमच्या मतें, उरला तो ब्रेक.

त्या काळीं पुष्कळशा मोटारींना ब्रेक मागील दोनच चाकांस असे, आणि तो गज व तारा ओढून लावावा लागे. एक तार सैल, दुसरी ताठ झाली, कीं गाडी वांकडी फिरे. ड्यूसेनबर्ग बंधूंनीं चारही चाकांस ब्रेक दिले व तारांच्या जागीं नळ्यांतून द्रव खेळविला. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्वत्र सारखाच पसरतो, हा शाळेंत शिकविला जाणारा पास्कलचा नियम येथें कामास आला. १९२१ सालीं फ्रान्समध्यें ल मां येथें झालेल्या ग्रांप्री शर्यतींत जिमी मर्फी हा बरगड्यांस पट्ट्या बांधून या गाडींत बसला. रस्ता उखडून दगड उडत होते. तरीही तो पहिला आला. कारण वळणापूर्वीं त्याची गाडी इतरांपेक्षां अधिक निश्चितपणें आवरली जाई. थांबण्याचा भरंवसा होता म्हणूनच धांवण्याचें धैर्य आलें. त्याच सुमारास त्यांच्या विक्रीच्या मोटारींतही हे ब्रेक आले, आणि आज आपल्या दाराशीं उभ्या असलेल्या लहानशा मोटारींतही तोच नियम काम करितो.

परंतु यंत्राचा निग्रह पुरेसा नाहीं. स्वतः फ्रेड ड्यूसेनबर्ग १९३२ सालीं एस्. जे. गाडीनेंच पेन्सिल्व्हेनियांतील डोंगरी रस्त्यानें जात असतां ओल्या वाटेवर अपघात होऊन जायबंदी झाले, व पुढें न्यूमोनिया होऊन वारले. कठोपनिषदांतील रथाच्या रूपकांत घोड्यांइतकेंच महत्त्व लगामास व सारथ्यास आहे. तेथें मन हा लगाम असून बुद्धि ही सारथी आहे. ज्यानें ब्रेक सुधारला त्यालाही सारथ्याचें दक्षपण टाळतां आलें नाहीं.

हें आम्ही खानदेशकरांस मुद्दाम सांगतों, त्यास कारण आहे. ४ जुलै २०२३ रोजीं पळासनेरजवळ, याच आग्रा रस्त्यावर, ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर पुढील वाहनांस धडकून रस्त्याकांठच्या हॉटेलांत शिरला, आणि किमान १० माणसें प्राणांस मुकलीं. लांब उतारावर ब्रेक सारखा दाबून धरला, कीं तो तापतो व त्याची पकड सुटते. यास्तव ज्या गिअरमध्यें घाट चढावयाचा, त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक आहे. चार पैशांचें डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडणें म्हणजे घोड्यांचा लगाम आपल्याच हातानें फेंकून देणें होय.

आपल्या एकत्र कुटुंबांत आतां मोटार येते, आणि तरुण मुलें प्रथम विचारतात ती तिचा वेग किती. वडीलधाऱ्यांनीं त्यांस ब्रेकविषयीं विचारावें. चारही चाकांवरील ब्रेक तपासून किती दिवस झाले, त्यांतील तेल केव्हां बदललें, आणि घाटांत कोणता गिअर ठेवणार, हे तीन प्रश्न किल्ली हातीं देण्यापूर्वीं विचारले जावेत. त्यांचीं उत्तरें नीट न आल्यास त्या दिवशींचा प्रवास एस्. टी. नें करावा. घरीं थोडें उशीरा पोंचूं. पण सर्वजण पोंचूं.