गवताच्या ढिगाखाली

"दोन पानांवर आलेलं सोयाबीन तासच्या तास गायब झालं," असं मावशी फोनवर म्हणाल्या, तेव्हा मला पाखरांची शंका आली. पाखरं नव्हती, पैसे होते. बोट लावलं की नाण्यासारखी गुंडाळी करणारा मिलिपीड. कुठे त्याला वाणी म्हणतात. जूनअखेरीला पहाटे मराठवाड्यातल्या त्यांच्या रानात पोचले, तर मावशी कामाला लागलेल्या.

संध्याकाळी जागोजागी ओल्या गवताचे ढीग मांडायचे, उजाडताना ते उचलायचे आणि खाली जमलेले पैसे वेचून मिठाच्या पाण्यात टाकायचे. "काल एका ढिगाखाली तीनशे निघाले. नातवानं मोजले."

वास मात्र बादलीपाशी वाकल्याशिवाय कळत नाही. आयोडीनसारखा, नाकात चढणारा. पैशाच्या जवळजवळ प्रत्येक कड्याच्या दोन्ही बाजूंना ग्रंथी असतात. जीव धोक्यात आला की त्यांतून क्विनोन झिरपतात. मावशींची बोटं तपकिरी झाली होती. "भाकर थापताना बी वास येतो," त्या म्हणाल्या. घरी परतल्यावर माझ्याही हाताला दोन दिवस तो होता.

तिसऱ्या ढिगाखाली त्यांनी खुरप्यानं माती उकरली आणि एक छोटी पोकळी फुटली. आत एक पैसा, दुधाळ पांढरा, बोटभर लांब, हलत नव्हता. "ह्यो आजारी हाय का?"

आजारी नव्हता. नुकतीच कात टाकली होती. पैशाचं कवच चुन्यानं टणक होतं, म्हणून तो पुष्कळदा आपलीच कात खाऊन तो चुना परत मिळवतो, आणि कवच घट्ट होईपर्यंत मातीत लपून राहतो. अंड्यातून निघताना बहुतेकांना पायांच्या तीनच जोड्या असतात. पुढे कात टाकता टाकता कडी वाढतात, पाय वाढतात. ऑस्ट्रेलियात जमिनीच्या पोटात सापडलेल्या, २०२१ साली नोंदवलेल्या एका फिकट, आंधळ्या जातीत एका मादीला १,३०६ पाय मोजले गेले. इतके पाय दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला नाहीत.

पैशाला कीड म्हणताना माझी जीभ अडते. कुजका पाला खाऊन माती करणारा हा जीव. मे महिन्यात या रानातला काडीकचरा पेटवला होता, बांधावर झाड उरलेलं नाही. ओल आली, तो वर आला, आणि समोर होती ती फक्त कोवळी रोपं. पण दुबार पेरणीचं बियाणं मावशींनी उधारीवर आणलं होतं. एका ढिगाखाली तीनशे. त्यांना थांबवायला माझ्याकडे शब्द नव्हता.

मावशींनी तो पांढरा पैसा खुरप्यावर उचलून बादलीत सोडला. बाकीचे गुंडाळ्या करून तळाशी बसले होते. हा वळला नाही, लांबच्या लांब खाली गेला.

"चौथा ढीग तिकडं धुऱ्याला हाय," मावशी म्हणाल्या आणि बादली उचलली.