समुद्रतळीचा गाळ आणि सागरी हिमाचा इतिहास

उत्तर व दक्षिण ध्रुवांभोवतालचा समुद्र हिवाळ्यात गोठतो आणि उन्हाळ्यात त्याचा बराचसा भाग पुन्हा मोकळा होतो. या गोठलेल्या समुद्रजलास सागरी हिम म्हणतात. भूमीवर साचलेल्या बर्फाहून ते निराळे होय. अंटार्क्टिकाच्या भूमीवरील बर्फाच्या थरांत आठ लक्ष वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांच्या रूपाने कोंडलेली सापडली आहे. सागरी हिम मात्र काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत वितळते आणि पाण्यात पाणी मिसळून जाते. जे स्वतःचे काहीच मागे ठेवीत नाही, त्याचा हजारो वर्षांचा इतिहास लिहावयाचा कसा?

हा इतिहास का हवा?

बर्फाच्छादित सागरी हिम आपणांवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा बहुतांश भाग परत फेकते. मोकळे पाणी त्याचा एक-दशांश भागही परत फेकीत नाही. म्हणून हिम घटले की समुद्र अधिक तापतो, आणि समुद्र तापला की हिम आणखी घटते. पृथ्वीचे हवामान पुढे कोणते वळण घेईल हे वर्तविणाऱ्या गणितात या हिमाला म्हणूनच मोठे स्थान आहे.

परंतु हिमाच्या विस्ताराची कृत्रिम उपग्रहांनी केलेली अखंड नोंद १९७८ च्या अखेरीपासूनचीच आहे. त्या नोंदीत २०१४ साली अंटार्क्टिकाभोवतालचे हिवाळी हिम २ कोटी चौरस किलोमीटरांच्या वर गेले आणि २०२३ च्या फेब्रुवारीत उन्हाळी हिम १८ लक्ष चौरस किलोमीटरांच्याही खाली आले. वर्षाच्या या दोन टोकांची परस्परांशी तुलना करावयाची नसते. तथापि आपापल्या ऋतूपुरते पाहता एक उच्चांक होता, दुसरा नीचांक. हा चढउतार नेहमीचा की नव्या काळाची नांदी, हे एवढ्याशा नोंदीवरून ठरविणे म्हणजे चार पावसाळे पाहून शंभर वर्षांच्या पिकांचा अंदाज बांधणे होय.

समुद्रापासून दूर, लखनौत

या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या संस्थांपैकी एक लखनौस, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. जीवाश्म वनस्पतींचे थोर अभ्यासक बीरबल साहनी यांच्या संस्थेच्या इमारतीची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसविण्यात आली. त्या शिलेतच साहनींनी जीवाश्म बसविले होते. पुढे आठवडाभरात, १० एप्रिल रोजी, ते निवर्तले. आज बीरबल साहनी पुराविज्ञान संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत ध्रुवप्रदेशांतून आणलेल्या गाळाचाही अभ्यास होतो. ध्रुवांकडील भारतीय मोहिमांची व्यवस्था गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते.

करंडक वनस्पतींची साक्ष

समुद्राच्या वरच्या थरात डायाटम नावाच्या एकपेशीय वनस्पती वाढतात. त्यांचे कवच काचेसारख्या सिलिकेचे असून कुंकवाच्या करंड्याप्रमाणे त्याचे दोन भाग एकमेकांवर बसतात. म्हणून मराठीत त्यांना करंडक वनस्पती असे समर्पक नाव आहे. वनस्पती मेली की कवच तळाशी जाते. खोल समुद्रात हजार वर्षांत काही सेंटिमीटर या मंद गतीने गाळ साचतो. जहाजावरून जड पोलादी नळी तळात रोवून वर ओढली की हे थर क्रमाने हाती येतात. त्यांचे वय किरणोत्सर्गी कार्बन व इतर साधनांनी ठरवितात.

गाळाचा चिमूटभर अंश आम्लाने व हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतात आणि उरलेली कवचे सूक्ष्मदर्शकाखाली शेकड्यांनी मोजतात. दक्षिण महासागरातील फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्टा व फ्रॅजिलॅरिऑप्सिस सिलिंड्रस या जाती हिमाच्या सान्निध्यात वाढतात. त्याच कुळातील फ्रॅजिलॅरिऑप्सिस केर्गेलेन्सिस ही मोकळ्या पाण्यात वाढते. कोणत्या थरात कोणाचे प्रमाण अधिक आहे, यावरून हिमाची सीमा कोठवर होती ते अनुमानिता येते.

साक्षीची उलटतपासणी

मात्र एकट्या साक्षीदारावर विसंबता येत नाही. हिमाजवळच्या जातींची पातळ कवचे तळाशी पोहोचण्यापूर्वीच पुष्कळदा विरघळतात, आणि केर्गेलेन्सिसचे जाड कवच टिकते. त्यामुळे जेथे हिम होते तेथे ते नव्हते, असा भास होऊ शकतो. गाळात सापडणारे खडेही फसवे असतात. ते सागरी हिमाने आणलेले असतील, किंवा भूमीवरून सुटलेल्या हिमनगाने.

२००७ साली सायमन बेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर ध्रुवप्रदेशासाठी आणखी एक साक्षीदार पुढे आणला. हिमाच्या तळाशी राहणाऱ्या काही करंडक वनस्पती २५ कार्बन अणूंचे एक विशिष्ट हायड्रोकार्बन तयार करतात. 'आयपी-२५' हे त्याचे नाव. ते गाळात सापडले, तर वसंत ऋतूत तेथे हिम होते असे समजावे. सापडले नाही, तर? एक तर हिम नव्हतेच. किंवा ते बारमाही व इतके जाड होते की खाली प्रकाश पोहोचला नाही आणि वनस्पतीच वाढल्या नाहीत. एकाच मौनाचे दोन परस्परविरुद्ध अर्थ! म्हणून त्याच थरात मोकळ्या पाण्यातील वनस्पतींची द्रव्येही शोधतात. ती असतील तर समुद्र मोकळा होता. तीही नसतील तर तो बर्फाखाली मिटलेला असण्याचा संभव अधिक.

गाळाने काय सांगितले?

अशा पडताळणीतून काही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, अखेरच्या हिमयुगाच्या ऐन भरात, अंटार्क्टिकाभोवतालचे हिवाळी हिम आजच्या सुमारे दुप्पट पसरले होते. उलट, हिमयुग सरल्यावर सुमारे १०,००० ते ६,००० वर्षांपूर्वीच्या काळात आर्क्टिकच्या अनेक भागांत हिम कमी होते. कारण पृथ्वीच्या कक्षेच्या व आसाच्या स्थितीमुळे उत्तर गोलार्धास उन्हाळ्यात सूर्याची उष्णता अधिक मिळत होती.

तेव्हा पूर्वीही हिम घटले होते, मग आज चिंता कशाची, असे कोणी म्हणेल. परंतु तेव्हाचे कारण आज लागू पडत नाही. सूर्यापासून उत्तरेस मिळणारी ती उन्हाळी उष्णता सहस्रावधी वर्षे घटतच आली आहे. त्या हिशेबाने आर्क्टिकचे हिम वाढावयास हवे होते. ते घटत आहे, याचा अर्थ कारण दुसरीकडे शोधले पाहिजे, आणि ते मनुष्याने वातावरणात सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडादी वायूंत सापडते. जुन्या गाळाचे मोल ते हेच: काय घडले एवढेच नव्हे, तर ते कशामुळे घडले आणि कशामुळे नाही, हे तो निवडून दाखवितो.